यांना लाल कळत नाही

लाल आणि हिरवं यातला फरक आमच्या ह्यांना कळत नाही, हे मला लग्नानंतर समजलं. राजाजीनगरच्या बाजारातून ते कच्चे टोमॅटो आणायचे आणि मी वैतागायची. आता भाजीवाली अक्काच त्यांना निवडून देते. घरात हा थट्टेचाच विषय होता.

निवृत्तीनंतर ह्यांच्या पोटाची काही ना काही कुरकुर चालूच असते. त्यामुळे "दोन दिवस पातळ होतंय" म्हणाले, तेव्हा मी ताकभात वाढला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी हे नाश्ता करून उठले, ते खुर्ची धरून परत खाली बसले. चेहरा पांढराफटक. पायजमा मागून लाल झाला होता. "अहो, हे काय?" मी ओरडलेच. मान वळवून बघत ते म्हणाले, "पोट बिघडलंय गं. पायजमा धुवायला टाक."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, इतके दिवस रक्त दिसलं कसं नाही? टोमॅटोचं सांगावं तशाच सुरात मी सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. मग रक्त चढवलं, पोट साफ करायचं औषध ग्लासामागून ग्लास पाजलं आणि दुर्बीण घातली. मोठ्या आतड्याला बारीक पिशव्या झाल्या होत्या, त्यातली एक वाहत होती. तिथे चिमटा बसवला. सांगतील तिथे मी सह्या केल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. कँटीनमध्ये कॉफी घेतली, गोड होती म्हणून बदलून मागितली.

"परत होऊ शकतं," घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अम्मा, रोज तुम्ही बघायचं. लाल दिसलं तर लगेच घेऊन या."

"सरी, बघते," मी म्हटलं.

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी संडासातला आवाजही बाहेर येऊ दिला नव्हता, आधी नळ सोडायचे. आता रोज सकाळी ते पाणी न ओतता बाहेर येतात आणि कॅलेंडरकडे बघत उभे राहतात. मी आत जाते, बघते, पाणी ओतते, "ठीक आहे" म्हणते. सुरुवातीला ते दिवसभर नजर चुकवायचे. मला ना किळस आली, ना दया. मग मी उपम्याला फोडणी घालते.

परवा मी आत गेले आणि "ठीक आहे" म्हणता येईना. ते माझ्या मागोमाग आत आले, चष्मा नीट करून वाकून बघू लागले.

"रोजच्यासारखंच तर आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते शर्ट घालायला गेले.