कावडीतला धोंडा

कडावच्या सहदेवाचा उजवा खांदा डाव्याहून चांगलाच खाली होता. जन्मापासून तो तसा नव्हता, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं.

साठ सालच्या सुमारास सहदेव कावडीने दूध घालायचा. एका टोकाला म्हशीच्या दुधाची किटली, दुसऱ्या टोकाला गाईच्या. म्हशीचं सगळं दूध दहिवलीच्या हॉटेलात जायचं आणि गाईचं नदीपलीकडे, कर्जतच्या लेकुरवाळ्या घरांत. हॉटेलात एक किटली रिकामी झाली की कावड कलायची. दुसरा कुणी असता तर उरलेलं दूध दोन्ही किटल्यांत निम्मं निम्मं करून मोकळा झाला असता. पण तान्ह्या पोरांच्या दुधाला म्हशीच्या दुधाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, हा सहदेवाचा हट्ट. म्हणून तो रिकामी किटली नदीच्या पाण्याने भरून घ्यायचा. पुढे ज्या दारी जेवढं दूध मापायचं, तेवढंच पाणी त्या दारच्या तुळशीला ओतायचं. शेवटच्या घरी दोन्ही किटल्या एकदमच रिकाम्या! याचं त्याला स्वतःलाच भारी कौतुक होतं. बायकांना वाटे, किटली विसळतोय. त्यांना खरं काय ते सांगावं, हे काही त्याला सुचलं नाही.

एका सकाळी कुणीतरी त्याला नदीवर किटली भरताना पाहिलं. दूधवाला आणि नदी, लोकांना आणखी काय हवं? दुसऱ्या दिवशी एकाही दारातून भांडं बाहेर आलं नाही. सहदेव शपथा घेऊन थकला. मालनबाई त्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, तिची नात याच दुधावर वाढत होती. त्याने मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली.

घरी त्याची बायको भागूबाई म्हणाली, "पाणी नको नि बोलणीबी नको. तुमी धोंडा टांगा."

त्याने टांगला. धोंडा लोकांना दिसला, पटला, आणि हळूहळू घरं परत आली. पण धोंडा काही दारागणिक हलका होत नाही. त्याने बारके दगड घेऊन दारोदार एकेक टाकून पाहिला, तर आमच्या दारात दगड टाकतोस म्हणून बायका अंगावर आल्या. मग तो मोठाच धोंडा घेऊन, कावडीचं हलकं टोक हाताने दाबत, अंग वाकडं करून चालू लागला. गावात डेअरीचा टेंपो येईपर्यंत, म्हणजे वीसेक वर्षं, तो तसाच चालला.

मालनबाईच्या नातीच्या लग्नाचं त्याला आवर्जून बोलावणं आलं. म्हातारी त्याच्याजवळ येऊन बसली.

"सहदेवा, तुजं दूध चोख होतं रं. मला तवाबी ठावं होतं. पोरगी कशी बाळसं धरत होती, दिसत होतं की."

"मग तवा का नाय बोललात, बाय?"

"सगळी आळी एकीकडं. मी एकली दुसरीकडं जाऊन काय होनार होतं?"

सहदेवाला राग आला, आणि तो त्याने लपवला नाही. "दुसऱ्या अंगाला कायतरी लागतंच, बाय. नायतर मधला मानूस वाकडा होतो."

तेवढ्यात नवी नवरी पाया पडायला आली. सहदेवाने उजवा हात उचलून पाहिला, तो छातीच्या वर जाईना. मग त्याने डावाच हात तिच्या डोक्यावर ठेवला.