नामाजीकाकांची नाडी

नामाजीकाका आज सकाळी गेले.
पन्नास वर्षांपूर्वी मी त्यांना एकदा जिवंतपणीच मेलेलं जाहीर केलं होतं.

ग्रुपवर सकाळपासून हात जोडणं चालू आहे. "देवमाणूस गेला" वगैरे. लिहिणाऱ्यांतले तिघं त्या दिवशी माझ्यासोबत होते आणि पोट धरून हसत होते. टॅग करत नाही. वाचतीलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

सत्तरच्या दशकात आमच्या मोहल्ल्यात धुळवडीला मंडळाची ठंडाई असायची. भांगेची. दोन ग्लास पिऊन पोट्टे म्हणायचे, "काहीच नाही होऊन राहिलं बे," आणि तिसरा प्यायचे. तासाभराने तिन्ही एकदम चढायचे. मग कोणी रडायचा, कोणाला पायच सापडायचे नाहीत, मिशीवाले गडी आईला हाका मारायचे.

अशांना उचलून आम्ही शाळेच्या ओट्यावर टाकायचो. तिथे नामाजीकाका सतरंजी टाकून बसलेले असायचे.

काका विणकर. हातमागावर लुगडी विणायचे. धुळवडीला माग बंद ठेवायचे आणि शेवटच्या माणसाची उतरेपर्यंत ओट्यावर बसायचे. कोणी सांगितलं नव्हतं. मंडळाने कधी बिल्लासुद्धा दिला नाही.

आधी मनगट धरायचे. "नाडी चालून राहिली. मस्त चालून राहिली. तू मरून नाही राहिला, चढली हाये. उतरते. मी इथंच हाये."

मग तुटलेल्या सुताचा गुंता हातात द्यायचे. "हे टोक त्या टोकाले बांध." गडी तासभर गाठी मारत बसायचा आणि हळूहळू शांत व्हायचा.

आम्ही त्यांना नर्सबाई म्हणायचो. तोंडावर.

मी तेव्हा हिंगण्याला नुकताच फॅक्टरीत लागलो होतो. अंगात नोकरीचा माज. एका वर्षी ठरवलं, नर्सबाईला पेशंट करू.

अडचण एकच. त्या दिवशी काका मंडळाचं पाणीसुद्धा पीत नसत.

पण होळीची पुरणपोळी कोणाच्या घरून आली तर आमच्याकडे ती परत करत नाहीत. मी आईने केलेल्या दोन पोळ्या फोडल्या, आत भांगेची गोळी सारली, वरून तूप सोडलं आणि ताट घेऊन गेलो.

"काका, माह्या मायनं पाठवली."

त्यांनी ताटाला हात लावून कपाळाला लावला. दोन्ही पोळ्या खाल्ल्या.
"मायले सांग, पुरण झकास झालं."

दुपारी चढली. काकांना लगेच समजलं, इतक्या जणांची पाहिलेली. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कोणीतरी बसा गा माह्याजवळ. हात धरून बसा."

मी बसलो. मनगट धरलं. बाकीचे तोंडात रुमाल कोंबून उभे.

"काका, नाडी नाही लागून राहिली."

"बराबर पाह्य ना गा."

"पाह्यली. बंद हाये. गेले तुम्ही."

काकांनी विश्वास ठेवला. त्या ओट्यावर मनगट धरणारा माणूस कधी खोटं बोलत नसे. इतकी वर्षं तो माणूस म्हणजे ते स्वतःच होते.

ते सतरंजीवर आडवे झाले आणि धाकट्या भावाची माफी मागायला लागले. भाऊ जत्रेत भांग प्याला होता. "दादा, मी मरून राहिलो" म्हणत पळत सुटला. काका हसत बसले. भाऊ विहिरीत गेला.

"म्या हासलो रे तुले. आता येऊन राहिलो तुह्याकडं."

ते दर वर्षी ओट्यावर का बसतात, हे मला त्या क्षणी कळलं. स्पष्ट कळलं. आणि तरीही मी म्हणालो, "चला बे, तिरडी बांधा."

धुळवडीला खोटी प्रेतयात्रा काढायची पद्धत होतीच. बांबू तयार होते. काकांना बांधून मोहल्लाभर फिरवलं. त्यांचे डोळे उघडे होते. काकू दारात आल्या, बघितलं आणि मटकन खाली बसल्या. आम्ही त्यालाही हसलो.

पुढच्या धुळवडीला वाटलं, आता काही काका बसत नाहीत.
बसले होते.

आणि त्या वर्षी तीन ग्लास मी प्यायलो. छाती फुटेल असं वाटायला लागलं. मलाही नेऊन ओट्यावर टाकलं. वर काकांचा चेहरा दिसला आणि मी हमसून रडलो, कारण आता ते काय सांगणार ते मला ठाऊक होतं. त्यांच्या जागी मी तेच सांगितलं असतं.

काकांनी मनगट धरलं.

"चालून राहिली," म्हणाले. मस्त म्हणाले नाहीत. सुताचा गुंता माझ्या हातात दिला आणि उतरेपर्यंत बसून राहिले.

मी माफी मागितली नाही. ना तेव्हा, ना नंतर. रस्त्यात भेटले की "काय काका, बरं हाये ना?" आणि स्कूटर पुढे.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा दवाखान्यात आहेत, औषधांनी भ्रम होतो, घाबरतात, कोणीतरी जवळ बसा म्हणतात.

मी गेलो. आता सगळं फिटेल, असं मनात घोळवत गेलो. लिहितानाही लाज वाटते.

खुर्ची ओढली. मनगट धरलं. "काका, चालून राहिली. मस्त चालून राहिली."

त्यांनी डोळे उघडले. ओळखलं. होती नव्हती ती ताकद लावून हात काढून घेतला.

"तू नको पाहू गा. दुसऱ्या कोणाले पाहू दे."

परवापासून तिथेच बसलो होतो. हात माझ्याच मांडीवर.

आज सकाळी नर्सने नाडी पाहिली आणि मुलीकडे बघून मान हलवली. माझ्या तोंडून निघालं, "सिस्टर, बराबर पाहा ना."

तिने पुन्हा पाहिली.

काका, या वेळी खरं आहे. मी सांगितलेलं नाही.

श्रद्धांजली बाकीचे वाहत आहेत, ती घ्या. माझी नाही घेतली तरी चालेल.