सुधाकरच्या बाटल्यांवरची आमची नावं

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. माझ्या लेकीचा साखरपुडा तोंडावर आला होता आणि हा एकुलता एक मामा ‘निघालोच’ म्हणत तिकडे समुद्रकाठच्या विद्यापीठात बसून होता. मोबाइलवर त्याचं नाव दिसलं आणि मी पलीकडचं काही ऐकून न घेता सुरू केलं, “कुठवर आलास? का अजून चिखलातच बसून राह्यलास?” पलीकडे कुणीतरी मुलगी रडत होती. म्हणाली, “मॅडम, मी उज्ज्वला. सरांची विद्यार्थिनी...” प्रयोगशाळेत, भर दुपारी, सूक्ष्मदर्शकावर वाकलेला असतानाच त्याचं हृदय थांबलं होतं. मी फोन ठेवला, खुर्चीवर बसले, आणि पहिला विचार मनात आला तो असा की आता याला रागवायचं कसं. आज काही महिने झाले, तो राग तसाच पडून आहे.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघं वडीगोद्रीचे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शाळामास्तर. मी लग्न होऊन जालन्यात मस्तगडला आले, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले. विज्ञानाची गोडी याला मीच लावली असं मी चारचौघांत सांगत असे, आणि एकांतात त्याचा पश्चात्ताप करत असे. कारण ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथला हा पोरगा समुद्राचा अभ्यास करायला गेला. पोहता येत नव्हतं. संशोधनाच्या जहाजावर चढला की उलट्या सुरू व्हायच्या, त्या किनारा लागेपर्यंत. एवढं करून आणायचं काय, तर समुद्राच्या तळाचा गाळ. लांब नळी तळात खुपसायची, आत भरलेला गाळ वर काढायचा आणि त्याच्या चकत्या कापून बाटल्यांत भरायच्या. वरची चकती अलीकडची, खालची जुनी. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारी कवचं असतात. कोणत्या काळात कोणती कवचं किती, हे मोजलं की तेव्हाच्या पावसाचा अंदाज येतो, असं तो म्हणायचा.

हे त्यानं एकदा गावात, पारावर, काकांना समजावून सांगितलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी तू समुद्रातला गाळ काढून राह्यला. मंग आपल्या विहिरीतला कोण काढंल?” पार हसून हसून आडवा झाला. सुधाकरही हसला. पण दुसऱ्या दिवशी तो खरंच विहिरीत उतरला, आणि घमेल्यानं गाळ काढायचं सोडून बाटलीत नमुना भरून वर आला. काकांनी कपाळाला हात लावला.

त्याचं घरी येणं म्हणजे मला ताप असे. फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी बाटल्या. जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक. बारीक कुंचल्याचं टोक जिभेनं ओलं करायचं, एकेक कवच उचलायचं, वेगळं ठेवायचं. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला आला, वंदना झाली, भंते उठले, आणि हा संध्याकाळच्या गाडीनं परत निघाला, का तर मोजणी अर्धी राहिली होती. मी त्याला सर्वांसमोर बोलले. त्यावर म्हणाला, “ताई, मोजताना मधी सोडलं की बराबर येत न्हाई.” आईसाठी डोळ्यांतून एक थेंब काढला नाही त्यानं. हे मी त्याला कधीच माफ केलं नाही, आणि करणारही नव्हते.

साखरपुडा पुढे ढकलला. महिन्याभरानं उज्ज्वला मला भेटायला जालन्याला आली. बारीकशी मुलगी, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, मॅडम, सरांनी माझी पीएचडी अडकवून ठेवली आहे. मला आश्चर्य वाटलं नाही.

झालं होतं ते असं. सुधाकरचा एक हट्ट होता. मोजणाऱ्याला बाटली कोणत्या खोलीवरची आहे हे कळता कामा नये. कळलं की माणसाला जे हवं तेच दिसू लागतं. म्हणून तो बाटल्यांवरच्या मूळ चिठ्ठ्या काढून खोटी नावं लावायचा आणि मोजणी संपल्यावरच खरा क्रम सांगायचा. यात काही चूक नाही, शहाणे लोक असंच करतात. पण शहाणे लोक तो क्रम कुठेतरी लिहून एखाद्या सहकाऱ्याकडे बंद पाकिटात देऊन ठेवतात. आमच्या शहाण्याचं म्हणणं, पाकीट कुणीतरी उघडतंच. “माझ्या डोक्यात आहे ना,” असं तो उज्ज्वलाला सांगत राहिला. तिनं शेवटच्या नळीतल्या सगळ्या बाटल्या मोजून पूर्ण केल्या, आणि त्याच आठवड्यात ते डोकं गेलं. कित्येक वर्षांची मेहनत, आणि कोणता गाळ वरचा नि कोणता खालचा ते जगात कुणालाच माहीत नाही. क्रम नाही तर प्रबंध नाही.

मी विचारलं, नावं तरी काय लावली होती? तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. छोट्या बाटल्यांची रांग, आणि त्यावर सुधाकरचं तिरकं अक्षर. आई. काका. टिप्या. आजोबा. पाहुणे. ताई. अण्णा. काकू. आजी.

“टिप्या कोण?” तिनं विचारलं.

“कुत्रं,” मी म्हटलं, आणि इतका संताप आला मला. माणूस मेला तरी थट्टा संपत नाही याची.

तिनं वयानं लावून बघितलं होतं. आजोबा, आजी सगळ्यात खाली, म्हणजे जुने. मी सगळ्यात वर. पण दोन बाटल्यांतल्या कवचांचं वय बाहेरून तपासून आलं होतं आणि त्यात आई आजीपेक्षा कितीतरी जुनी निघाली होती. अजून दोन बाटल्यांचं वय यायचं होतं. सगळ्यांचं काढायला पुरेल एवढा गाळच उरला नव्हता. मी आठवून आठवून सांगितलं. उंचीनं लाव, कोण आधी वारलं त्यानं लाव. काहीच बसेना. कवचांचे आकडे दाखव, मग अंदाज येईल, असं मी म्हटलं तर तिनं ठाम नकार दिला. “आकडे बघून क्रम लावला तर सर उठून बसतील, मॅडम.” चांगलीच तयार केली होती पोरीला.

दुपार झाली होती. मी पानं घेतली. यांना बाहेरून आत बोलावलं, ताट मांडलं. उज्ज्वला म्हणाली, आपण सगळे एकदमच बसू. माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं, “छे, पाहुण्यांनी आधी बसायचं.” आणि वाढायचा डाव हातातच राहिला.

वडीगोद्रीचं आमचं घर हायवेला लागून. बस चुकलेला प्रत्येक माणूस मास्तरांकडे जेवायला. पहिले पाहुणे बसायचे. मग आजोबा. मग अण्णा, मग शेतातून आलेले काका. त्यांच्यामागून आजी, तिला दात नव्हते म्हणून तिचं सावकाश चाले. टिप्याला चतकोर टाकल्याशिवाय आई चुलीपुढून उठत नसे. मग काकू, तिचं बाळ अंगावर पीत होतं म्हणून. मग मी. आणि तव्यावरचं सगळं आवरून, उरलंसुरलं पुसून घेत, शेवटी आई. मी हे भराभर सांगत गेले आणि उज्ज्वला वरून खाली लिहीत गेली. टिप्या माझ्याआधी आला तेव्हा ती थांबली. मी म्हटलं, “लिही. तसंच होतं.”

“आणि सर कुठे बसायचे?”

त्याची बाटलीच नव्हती. मग मला आठवलं आणि हसू आलं. तो मुलगा, म्हणून त्याला अण्णांबरोबर पाट मिळायचा. तिथे अर्धी भाकरी खाऊन उठायचा, आणि आम्ही बायका बसलो की पुन्हा ताटली घेऊन चुलीपाशी यायचा. काकू ओरडायची, “आत्ता तर जेवल्ता की रे!” तो आईच्या ताटात आपल्या वाट्याची चटणी सारायचा. एका बाटलीला दोन जागा देता येत नाहीत, म्हणून त्यानं स्वतःला वगळलं असणार. असल्या बाबतीत तो फार काटेकोर होता.

उज्ज्वला गेली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. उरलेल्या दोन बाटल्यांचं वय आलं, काकाची आणि माझी. दोन्ही मी सांगितलेल्या जागीच. वय आणि खोलीचा आलेखही सरळ लागला. प्रबंध उन्हाळ्याआधी जाईल. ती बोलता बोलता रडायला लागली, मग मीच तिला समजावलं.

म्हणजे हा सगळं बघत होता. मला वाटायचं, याला कवचांपलीकडे काही दिसत नाही. आणि यानं आमची ती पंगत इतकी वर्षं जशीच्या तशी डोक्यात ठेवली होती. मग एकदा तरी बोलायचं होतंस, बाबा. मला नाही तर नाही, आईला तरी म्हणायचं होतंस, की तू आज आधी बस. तिला ते ऐकायला किती आवडलं असतं...

त्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापायला बसले. पहिली टम्म फुगली, ती तव्यावरून काढून माझ्याच ताटात घेतली, वर तेल-चटणी घेतली आणि तिथेच ओट्याशी उभी राहून गरम गरम खाल्ली. हे आत आले, बघत राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी विचारलं, काय झालं?

म्हटलं, काही नाही. सुधाकरचा राग आलाय.