चापात गेलेलं कुंकू

माझ्या नाकावर राग असतो, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आता ड्रेस्डेनमध्येही ठाऊक झालंय. मी इथे चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. आमच्या क्लीनरूममध्ये झगा, टोपी, मोजे, मुखपट्टी असा सगळा जामानिमा करून शिरावं लागतं. एवढं करूनही कुणाच्या बाहीवरून धुळीचा कण आत आलाच, तर त्या माणसाला मी असं फैलावर घेते की आठवडाभर तो माझ्यासमोर कॉफी प्यायला येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मी शेजारी उभी राहून फोटो काढत होते.

माझे बाबा पुण्यात एका सरकारी कारखान्यात फिटर होते. शाळेत असताना मी एअर रायफलच्या स्पर्धांना जायचे, आणि माझ्या रायफलची देखभाल बाबांकडे असायची. बाल्कनीत एक लाकडी टेबल होतं, त्यावर ती उघडून ठेवायचे. "चाप ओढायचा नसतो, दाबायचा असतो," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही दाराची बेल वाजवताना आठवतं. खंडेनवमीला त्याच टेबलावर पूजा मांडली जायची. पाने, पक्कड, व्हर्नियर, आईची विळी, माझी कंपासपेटी आणि मधोमध रायफल. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. आई म्हणायची, "आज चिरायचं नाही, मग जेवायला काय, फुलं?" आणि दरवर्षी आदल्या दिवशी भाजी चिरून ठेवायची.

ड्रेस्डेनला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला फार एकटं वाटायचं. म्हणून मी घराजवळचा एक शूत्सेनफेराइन, म्हणजे नेमबाजीचा क्लब, शोधून काढला. तळघरात दहा मीटरच्या पाच लेन, भिंतीवर जुनी ढाल आणि कायम चालू असलेलं कॉफीचं यंत्र. तिथली शस्त्रं सांभाळणारे एक आजोबा आहेत. त्यांना सगळे वाफेनवार्ट म्हणतात, मी मनातल्या मनात आजोबाच म्हणते. पहिले तीन महिने ते माझ्याशी येताना 'हालो' आणि जाताना 'चूस' एवढंच बोलले. मग एका मंगळवारी त्यांनी कपाटातून एक पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. आत त्यांच्या बायकोची रायफल होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

"हिचा चाप कंपनीचा नाही," ते म्हणाले. मूळ चाप तिला जड वाटायचा. तेव्हा इकडे एक छोटं वर्कशॉप होतं, तिथल्या माणसानं हातानं दुसरा चाप बनवून बसवला. तो माणूस गेला आणि वर्कशॉपही बंद झालं. चापाचे तीन स्क्रू बायकोनं स्वतः आपल्या बोटाला जुळवून घेतले होते आणि ते हलले तर कळावं म्हणून त्यांच्या डोक्यांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. "हे फिरवायचे नाहीत," आजोबा म्हणाले. मी मान डोलावली.

मग त्यांनी मला तो चाप समजावून सांगितला, पेन्सिलीनं कागदावर काढून. तो दोन टप्प्यांचा होता. पहिला टप्पा मोकळा, बोट सहज मागे जातं. मग एक भिंत लागते, तिला ते द्रुकपुंक्ट म्हणतात. आत त्या क्षणी एक दात एका खाचेवर केसभर टेकलेला असतो. बोट आणखी एवढंसं सरकलं की दात निसटतो आणि छर्रा जातो. पुन्हा बाजूची दांडी ओढली की एक बारीक स्प्रिंग त्या दाताला ढकलून खाचेत बसवते आणि 'टक' असा आवाज येतो. तो टक आला की चाप पुन्हा तयार. त्याच्या शेजारी नखाएवढा एक खटका होता. तो एका बाजूला असला की खरोखर छर्रा सुटतो, दुसऱ्या बाजूला केला की सगळं तसंच होतं, भिंतही लागते, टकही येतो, फक्त हवा सुटत नाही. म्हणजे घरी भिंतीवर काळा ठिपका चिकटवून छर्‍याशिवाय सराव करता येतो. आजोबांनी त्यासाठी ती रायफल मला कुलूपबंद पेटीतून घरी न्यायला दिली. असा विश्वास इथे लवकर कुणी टाकत नाही. मी ती पेटी मांडीवर घेऊन ट्राममध्ये बसले होते आणि मला फार बरं वाटलं होतं.

आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी बाबा माझ्याकडे काही दिवस राहायला आले. ऑक्टोबर होता. खंडेनवमीला सकाळी उठून पाहते तर बाबांनी स्वयंपाकघरातल्या चॉपिंग बोर्डाचा पाट केलेला. त्यावर माझा लॅपटॉप, कात्री, सुरी, सायकलचा पाना.

"रायफल काढ," बाबा म्हणाले.

"बाबा, ती दुसऱ्यांची आहे."

"म्हणूनच तर. आपल्याकडे आलेल्या हत्याराला उपाशी ठेवायचं का?"

मला हसू आलं आणि मी पेटी उघडून दिली. पूजेत आईचा हात हलका असायचा, अनामिकेचं एक टोक, बस. बाबांनी मात्र कारखान्यातल्यासारखं भरघोस काम केलं. नळीवर तेलाचं बोट, त्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि चापावर मुद्दाम एक चिमूट, कारण "खरं काम तोच करतो". वरून शेवंतीचं फूल. धुळीच्या कणावरून माणसांना रडवणारी मी म्हणत होते, "बाबा, जरा इकडे बघा ना, फोटो छान येतोय."

मंगळवारी क्लबात दांडी ओढली आणि टक आलाच नाही. चाप शर्टाच्या सैल बटणासारखा लोंबत राहिला. सुदैवानं आत छर्रा नव्हता. आजोबांनी रायफल टेबलावर नेली, झाकण उघडलं आणि भिंग लावून पाहिलं. मग बोटाला लागलेली, तिखटासारखी लाल पूड मला दाखवली.

"पाप्रिका?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं की आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा असते, हा तिचा रंग आहे.

"म्हणजे मान द्यायचा म्हणून तुम्ही त्यात पावडर भरता?"

त्यांनी बुधवारी दिवसभर ब्रशनं आणि बेन्झिननं तो चाप साफ केला. गुरुवारी फोन करून म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याला घेऊन ये."

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तळघरात आजोबांनी दांडी ओढली, टक आला, पण त्यांनी रायफलीच्या दस्त्यावर हळूच मूठ आपटली आणि दात आपोआप निसटला. "आल्झो, तर, असा चाप मी कुणाच्या हातात देणार नाही," ते म्हणाले. "याचे सुटे भाग मिळत नाहीत. बाजारात दुसरा चाप मिळतो, तो बसेल. रायफल चालेल. पण त्यात तिचं बोट नसेल."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. आईच्या विळीची मूठ अजून बदलू न देणारा माणूस होता तो, त्याला जास्त समजवायला लागलं नाही.

"त्यांना म्हणावं, पुन्हा ओढा," बाबा म्हणाले आणि कान जवळ नेला. टक. "पुन्हा." टक. "हा अर्धाच बसतोय गं. दात स्वच्छ आहे. स्प्रिंग जिथे टेकते ना, त्या खड्ड्यात अजून आहे. तेलात कालवलंय, ब्रशला नाही निघायचं."

आजोबांनी नकारार्थी मान हलवली. स्प्रिंग त्यांनी दोनदा पुसली होती. बाबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक उदबत्तीची काडी काढली, जळून उरलेली बांबूची. घरूनच टोकदार करून आणली होती. "लोखंड नको, ओरखडा पडेल. बांबू चालतो." मग त्यांनी आजोबांकडे पाहिलं आणि हात नुसता पुढे धरून थांबले. परवानगी मागत होते. आजोबांनी भिंग त्यांच्यापुढे सरकवलं.

बाबांचा हात तोवर थरथरायला लागला होता, चहाचा कप बशीत वाजायचा. पण ती काडी त्या खड्ड्यात गेली तेव्हा हात लाकडासारखा स्थिर होता. लाल ठिपक्याच्या स्क्रूंना धक्का न लावता त्यांनी काडी फिरवली आणि बाहेर काढली. टोकावर मोहरीएवढा लालसर गोळा होता.

आजोबांनी दांडी ओढली. टक. आता मलाही फरक कळला. त्यांनी मूठ आपटली, दात हलला नाही. दहा वेळा आपटली. मग डोळे मिटून बोट चापावर ठेवलं, भिंतीपर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

"गेनाऊ," ते हळूच म्हणाले. "हेच."

बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, चूक माझी. पूजा वरून करायची असते." मी सांगितलं. आजोबांनी विचारलं की त्या दिवशी आणखी काय काय करतात. बाबांनी सांगितलं की त्या दिवशी हत्याराला सुट्टी असते. आजोबांनी तारीख विचारली. ती दरवर्षी बदलते म्हटल्यावर त्यांना ते अजिबात आवडलं नाही. म्हणून बाबांनी पुण्याला परतल्यावर, नवं कॅलेंडर आलं तेव्हा, ऑक्टोबरचं पान फाडून लाल शाईनं गोल करून पोस्टानं क्लबात पाठवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबा गेले. झोपेतच. मी तेराव्यापर्यंत पुण्यात होते आणि सगळं नीट पार पाडलं. दिवस, कागदपत्रं, बाल्कनीतल्या टेबलावरची हत्यारं शेजारच्या वर्कशॉपला देणं. रडायला सवड मिळाली नाही, किंवा मी ती काढली नाही. वर्षभर सणवार करायचे नव्हते, म्हणून खंडेनवमीला घरी काहीच मांडलं नाही. संध्याकाळी घरात बसवेना, तेव्हा सराव करू म्हणून क्लबात गेले.

रायफल कपाटात नव्हती. ती टेबलावर स्वच्छ फडक्यावर ठेवली होती. चापावर वरपासून खालपर्यंत पारदर्शक चिकटपट्टी मारलेली, वर आजोबांच्या बागेतला एक झेंडू. शेजारी त्यांचे स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे ओळीनं लावलेले, आणि ओळीच्या शेवटी बाबांची ती बांबूची काडी. ती त्यांनी ठेवून घेतली होती, मला माहीत नव्हतं. काडीच्या मुठीकडच्या टोकाला एक लाल ठिपका होता.

"तिचं नेलपॉलिश," आजोबा म्हणाले. "हे पावडरीसारखं उडत नाही."

मी खुर्चीवर बसले आणि पुण्यात न रडलेलं सगळं तिथे रडले. आजोबांनी कॉफी आणून ठेवली. बऱ्याच वेळानं मी डोळे पुसून उठले आणि सवयीनं रायफलीकडे हात नेला, तर त्यांनी तो अडवला.

"आज नाही," ते म्हणाले. "तुझे पापा म्हणाले होते, आज सुट्टी असते."