खिडकीतलं दीड इंच लाकूड

परवा लेक माझं घर आवरायला आली आणि पहिल्या पंधरा मिनिटांत तिने खिडकीतला लाकडाचा तुकडा कचऱ्याच्या पिशवीत टाकला. "मम, इट्स जस्ट अ बिट ऑफ वुड!" ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागातल्या या टीचभर युनिटमध्ये मी ती अख्खी पिशवी जमिनीवर उलटी केली.

आता लाकूड पुन्हा खिडकीत आहे आणि लेक रुसली आहे... म्हणून इथेच सांगून टाकते.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. माझा नवरा फ्रान्सिस इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडपासून तीन तासांवरच्या एका गावात डॉक्टर होता आणि मी तिथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. आम्ही वसईची माणसं, घरामागे मोकळी जागा दिसली की कोंबड्या आल्याच. त्यात शेजारच्या मेंढ्यावाल्याने आई मेलेली दोन कोकरं आणून दिली. आमची रीना, हीच आता रुसलेली लेक, तेव्हा सात वर्षांची; ती त्यांना बाटलीने दूध पाजायची. नावं ठेवली चिंगी आणि पिंगी.

पिंगीला कोल्ह्याने नेलं. भर सकाळी, कुंपणाखालून. त्यानंतर रीना शाळेत जायला तयार होईना, चिंगीच्या गळ्यात हात टाकून बसायची. शेजारी म्हणाला, तो परत येणार, एक मेंढी उरलीय हे त्याला ठाऊक आहे... स्वस्तातली एखादी रायफल घेऊन टाका.

लायसन्स माझ्या नावावर काढलं. फ्रान्सिसला हॉस्पिटलातून कधी बोलावणं येईल याचा नेम नसायचा, आणि कॉलेजात एनसीसीमध्ये मी पॉइंट टू टूची हलकी रायफल चालवलेली होती. कॉन्व्हेंटमध्ये मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, नजर खाली ठेवायची आणि उलट उत्तर द्यायचं नाही. मला दोन्ही जमल्या नाहीत, त्यामुळे एनसीसीत माझं बरं चाललं.

पण बंदुकांचा दुकानदार बोलणार कुणाशी? फ्रान्सिसशी! "डॉक, तुला ही दाखवतो, आणि मिसेसला नंतर एखादी छोटीशी, क्यूट बघू." म्हणत त्याने दुर्बीण लावलेलं एक धूड काउंटरवर ठेवलं. त्याने हरीणसुद्धा आडवं झालं असतं.

फ्रान्सिस भाळला. "घ्यायचं तर एकदाच, मजबूत घ्यावं." हाच माणूस तिघांच्या घरात दहा लिटरचा प्रेशर कुकर घेऊन आला होता, पाहुणे आले तर म्हणून.

मी म्हटलं, माझ्या पायरीपासून कुंपण चाळीस पावलांवर आहे. मागे मातीचा बांध आणि बांधापलीकडे स्कूल बसचा रस्ता. या धुडाची गोळी थांबणार कुठे?

कोपऱ्यात एक जुनी, ओरखडे पडलेली पॉइंट टू टू उभी होती, किंमत आमच्या आवाक्यातली. मी ती उचलली, आधी बोल्ट मागे ओढला आणि आत गोळी नाही ना ते पाहिलं. एनसीसीच्या हवालदारांनी अंगी लावलेली सवय! दुकानदाराने तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

भांडण जिंकून तीच घेऊन घरी आले... आणि एकही डबा पडेना. रोज आर्वोला, म्हणजे दुपारी, शाळेतून आले की बांधावर रिकामे डबे मांडायचे, आणि रोज ते जागच्या जागी. रायफलचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कुण्या सहाफुटी माणसाच्या मापाचा! घोड्यापर्यंत बोट पोचवायला मान ताणावी लागायची, मग डोळा नेमावर येईना. फ्रान्सिस पायरीवर चहा घेऊन बसायचा आणि उभे राहिलेले डबे मोजायचा.

चौथ्या दिवशी तो मोजपट्टी घेऊन आला. "हात कोपरात वाकव." कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत त्याने दोनदा मोजलं, दस्त्यावर पेन्सिलने रेघ मारली आणि बॅगेतून प्लास्टर कापायची करवत काढली.

"अरे, ती हॉस्पिटलची आहे!"

"मग? पेशंटवरच चालवतोय."

दीड इंच कापलं त्याने. कडा घासल्या, मागची पट्टी परत बसवली आणि टाके बघावेत तसं लांबून बघितलं. मग हळूच म्हणाला, "मी वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घ्यायला निघालो होतो. तू आता पस्तिशीची, आणखी कुठे वाढणार..."

आमच्याकडे माफी अशीच मागितली जायची.

त्या दिवशी दहातले आठ डबे पडले. शनिवारी सकाळी चिंगी पायरीला बांधलेली, रीना आत बापाच्या कडेवर, आणि कोल्हा बांधाला लागून आला. एकच गोळी. तो जागेवर पडला. मी बोल्ट उघडून आत काही उरलं नाही ना ते पाहिलं.

जवळून पाहिला तर नुसती हाडं. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. फ्रान्सिसने त्याला बांधाखाली पुरलं. सोमवारी रीना शाळेत गेली. चिंगी म्हातारी, लठ्ठ आणि उद्धट होऊन मेली.

गाव सोडताना रायफल शेजाऱ्याला दिली. फ्रान्सिसही गेला आता. तो दीड इंचाचा तुकडा मात्र आहे, त्याच्या हातची पेन्सिलची रेघ कडेला अजून दिसते.

परवाच इथे फेसबुकवर कुणीतरी विचारत होतं, बायकांसाठी हलकी, स्वस्त गन कुठली... खाली पुरुषांची नुसती रांग, जो तो आपलं ज्ञान पाजळतोय. बाबांनो, आधी तिचा हात मोजा!

आयुष्यभर मला पुष्कळांनी सांगितलं, जरा जुळवून घे. फ्रान्सिसने करवत आणली.