अर्धी टाकी

टाकी सापडल्याचा निरोप घेऊन माणूस आला, तेव्हा मी धावतच बाहेर गेलो. "आणि गुलाब?" त्यानं नुसती मान हलवली. दोन कोस खाली, पैनगंगेच्या वळणावर, माझी तेलाची टाकी काठाला लागली होती. झाकण घट्ट, आतलं करडीचं तेल जसंच्या तसं. गुलाब मात्र सापडला नाही... पाच आठवडे झाले आता.

डोंगरकडा गावात माझं आणि गुलाबचं घर पाठीला पाठ लावून. माझा तेलघाणा, त्याचे वडील पिंजारी. विशीत तो मुंबईला गेला आणि तेल वाहणाऱ्या जहाजावर खलाशी झाला. महायुद्ध संपल्यावर परतला. समुद्र पाहिलेला आमच्यात तो एकटाच. घाण्यापाशी बसून सांगायचा, "दत्तू, भरलेली टाकी गरीब, रिकामी बी गरीब. अर्धीला भ्यावं. जहाज एका अंगाला कललं का तेल तिकडंच धावतं, अन् वाकलेल्याला अजून वाकवतं. उठूच देत न्हाई." म्हणून जहाजाच्या टाक्यांना आतून भिंती घालतात, म्हणे. मी हसायचो.

यंदाच्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं नदीपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर निघाली. गुलाब मुसलमान, त्याला जायची गरज नव्हती. तो आम्हाला पोचवायला आला होता. नावेत माझी बायको, तीन वर्षांची लेक, आणि तेलाची टाकी. गुलाबनं टाकीवर थाप मारली आणि तो थांबलाच.

"अर्धीच हाय. डब्यांत वाटून घे, न्हाई तर ओतून दे."

"आता डबे कुठून आणू? अन् ओतलं तर तिकडं खाऊ काय?"

"काहून हट्ट करून राहिला रे? लेकरू हाय नावेत!"

मी ऐकलं नाही. नावाड्याला म्हणालो, "चल." तो शब्द अजून माझ्या कानातून जात नाही.

मधल्या धारेत नाव कलली. टाकीत तेल धाडकन एका बाजूला आदळलं. नाव सावरायच्या ऐवजी आणखी झुकली, कडेवरून पाणी आत आलं. बायको किंचाळली. आणि मी... मी टाकीच धरून बसलो होतो. "सोड!" गुलाब ओरडला. त्यानं विळ्यानं टाकी बांधलेला दोर कापला, खांदा लावला, टाकी पाण्यात ढकलली. त्याच जोरात तोही गेला. नाव सरळ झाली. गढूळ पाण्यात एकदा त्याचा हात दिसला... मग नुसतीच टाकी तरंगत राहिली.

पंधरा दिवसांनी मी लपतछपत गावात जाऊन त्याच्या अम्मांना भेटलो. त्या रडल्या नाहीत.

"नावेत कुठं बसला होता, बेटा? मधी ना? बैलगाडीत बी मधीच बसायचा. म्हणायचा, अम्मा, मधली जागा कमी हलते."

"व्हय, अम्मा."

मधली जागा त्यानं माझ्या लेकीला दिली होती. ते माझ्या तोंडून निघालंच नाही.

"मग पडला कसा?" अम्मा विचारत राहिल्या.