चष्मा पुसण्याइतका वेळ

प्रश्न विचारला की सर चष्मा काढायचे. खिशातला रुमाल झटकून आधी डावी काच पुसायचे, मग उजवी, मग पुन्हा डावी. काचा मुळातच स्वच्छ असायच्या. समोर उभा राहिलेला विद्यार्थी शब्द शोधत असायचा आणि सर मान खाली घालून काचा पुसत असायचे. मागून कुणी उत्तर पुरवायला गेलं, तर वर न बघताच म्हणायचे, "त्यांना आठवू द्या. घाई नाही."

तुम्ही म्हणाल, मास्तर लोकांना अशा लकबी असतातच. मलाही बरीच वर्षं ती लकबच वाटत होती.

कोथरूडमधल्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासच्या ऑफिसात मी बसत असे. प्रवेशाचे अर्ज, वेळापत्रक, वर्गाच्या चाव्या आणि येईल त्याला "पहिलं लेक्चर फुकट आहे" असं सांगणं, एवढं माझं काम. सर खडकीहून दोन बस बदलून यायचे. संरक्षण खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, आणि मराठी अशी की माझ्या नोटिशीतल्या चुका ते जाता जाता पेन्सिलीनं दुरुस्त करत. एकदा प्रवेशासाठी आलेल्या एका गृहस्थांनी त्यांचं आडनाव ऐकून विचारलं, आपल्याला मराठी समजतं का? सर म्हणाले, "प्रयत्न चालू आहे." गृहस्थांनी प्रवेश घेतला आणि पुढचे तीन महिने पहिल्या बाकावर बसले.

ईदला ते माझ्यासाठी स्टीलच्या डब्यातून शिरखुर्मा आणत. मी एकदा डबा रिकामाच परत केला, तर झाकण उघडून आत बघितलं आणि फार हलका लागतोय म्हणाले. त्यानंतर डब्यात चिवडा घालायला मी कधी विसरले नाही.

वर्ग सगळा मोठ्या माणसांचा. खराडीच्या कंपन्यांत मुलाखती देऊन देऊन थकलेले, परदेशी सुनेशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून आलेल्या बायका, बढती अडलेले कारकून. या सगळ्यांना सरांचा एक धडा हमखास लक्षात राहायचा, तो म्हणजे 'यूज्ड टू'चा. पूर्वी आपण करायचो आणि आता करत नाही, पूर्वी होतो आणि आता नाही, ते इंग्रजीत कसं सांगायचं याचा. पुस्तकात उदाहरणं होती, पण सर पुस्तक मिटून ठेवत. प्रत्येकानं उभं राहून स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य द्यायचं. खोट्या वाक्याचं व्याकरण मी तपासत नाही, अशी ताकीद आधीच दिलेली असायची.

एक गृहस्थ पोटावर हात ठेवून म्हणाले, "आय यूज्ड टू बी थिन." वर्ग हसला. सर म्हणाले, "पुरावा दिसत नाही, पण वाक्य बरोबर आहे. बसा."

एका बॅचला पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. नवरा गेल्यावर नोकरीला लागलेल्या. त्या उभ्या राहत, ओठ हलवत आणि तशाच खाली बसत. असं चार दिवस झालं. चारही दिवस सरांनी काचा पुसल्या. मी दारातून बघत असे आणि मनात म्हणत असे, विचारा की आता दुसऱ्या कुणाला. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, "ही यूज्ड टू शाउट ॲट मी." सरांनी चष्मा लावला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. बसा." बाई बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी पाठ टेकली. त्या दिवशी मला कळलं की काचा पुसणं ही लकब नाही. अडखळणाऱ्या माणसाकडे कुणी बघू नये म्हणून आधी ते स्वतः बघत नसत.

पुढे क्लासच्या मालकांनी सगळे धडे ॲपवर टाकायचे ठरवले. एकदा रेकॉर्डिंग झालं की रोजचे वर्ग बंद. हे त्यांनी मला बोलावून सांगितलं आणि वर म्हणाले, सर तुमचं ऐकतात, तुम्हीच त्यांना तयार करा, वर्ग बंद होण्याचं मात्र इतक्यात बोलू नका.

मी बोलले नाही. तुमचा धडा गावोगावी पोचेल, असं सरांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं, आणि राहिलेलं अर्धं गिळून मी त्यांना चहा दिला. माझी नोकरी राहणार होती. त्यांचा वर्ग जाणार होता, आणि बायको गेल्यापासून त्या वर्गाखेरीज त्यांना घराबाहेर पडायला दुसरं कारण नव्हतं. हे मला ठाऊक होतं. आजही ते दिवस आठवले की मला स्वतःचा राग येतो.

रेकॉर्डिंगला सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. हिरव्या पडद्यासमोर उभे राहिले. समोर बाकं नाहीत, माणसं नाहीत, नुसता कॅमेरा. धडा छान रंगला. मग त्यांनी प्रश्न विचारला, चष्मा काढला आणि काचा पुसायला लागले. कॅमेरावाले गृहस्थ थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, सर, थांबू नका, बोलत राहा. सर म्हणाले, "पलीकडच्याला आठवायला वेळ लागतो." प्रत्येक प्रश्नाला तेच. शेवटी कॅमेरावाल्यांनी नाद सोडला आणि मागाहून ते सगळे थांबे कापून टाकले. ॲपवर सर धडाधड बोलतात. ओळखू येत नाहीत.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. वर्गाची चावी समोर ठेवली.

"सोमवारपासून वर्ग नाही ना?"

मी नाही म्हणाले.

"आपल्याला आधीपासून माहीत होतं?"

एवढं विचारून त्यांनी चष्मा काढला, रुमाल झटकला आणि मान खाली घालून डावी काच पुसायला लागले. मग उजवी. मग पुन्हा डावी. मी वेळापत्रकाच्या कागदाची कड दुमडत बसले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण त्यांनी घाई केली नाही. मग चष्मा लावला, "असू द्या," म्हणाले आणि बस स्टॉपकडे गेले.

त्या वर्षीच्या ईदला डबा आला नाही. फोन करावा असं मी रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम काढायचे. मग एका दुपारी त्यांच्या मुलीचाच फोन आला. अब्बा गेल्या महिन्यात गेले, म्हणाली. शेवटी शेवटी घरातच बसून असायचे, फार बोलायचे नाहीत. ॲपवरचा त्यांचा धडा तिनं लावून बघितला होता. "आवाज त्यांचाच आहे, पण हे अब्बा नाहीत," ती म्हणाली. "न कापलेलं काही असेल का तुमच्याकडे?"

कॅमेरावाल्यांकडे होतं. त्यांनी पाठवलं. मुलीला पाठवायच्या आधी मी ते रिकाम्या वर्गात बसून लावलं. जुनी बाकं अजून तिथेच होती. इस्त्रीचा शर्ट, हिरवा पडदा. सर म्हणाले, पूर्वीची एक गोष्ट सांगा, स्वतःची, खरी. आणि त्यांनी चष्मा काढला. डावी काच, उजवी काच, पुन्हा डावी. मी नुसती बघत राहिले. त्यांनी चष्मा लावला आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. बसा."

मी काहीच बोलले नव्हते. न बोललेल्या माणसाला त्यांनी कधीच असं बरोबर म्हटलं नव्हतं. मला रडू आलं.

मी ते मागे नेलं. सरांनी पुन्हा प्रश्न विचारला, पुन्हा रुमाल झटकला. त्यांच्या वर्गात उत्तर उभं राहून द्यायची पद्धत होती, म्हणून मी बाकातून उठले. डावी काच पुसून झाली होती. ते उजवी पुसत होते.

"सर," मी म्हणाले, "मला माहीत होतं."

त्यांची मान खालीच होती.